भिंत दिसली, मुक्ताई कुठे?

चांगदेव-भेटीचे चित्र पाहिले नाही असा वारकरी विरळाच. देवळाच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, कीर्तनाच्या मंडपात ते असतेच. मांडणीही ठरलेली. एका बाजूला वाघावर स्वार चांगदेव, हाती सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा मेळा. समोरून चालत येणारी भिंत आणि तिच्यावर चौघे भावंडे. बहुतेक चित्रांत जबडा पसरलेल्या वाघानेच निम्मी जागा खाल्लेली असते. माउलींच्या मस्तकामागे तेजोवलय. मुक्ताई मात्र कडेला, बाहुलीएवढी.

आमचा आक्षेप आहे तो या मांडणीवर. पाहणाऱ्याला ती एवढेच सांगते, की वाघ चालविणाऱ्यावर भिंत चालविणाऱ्याने मात केली. ही काय संतांची भेट झाली? हा तर सिद्धींचा आखाडा झाला!

कथा काय सांगते ते आठवा. चौदाशे वर्षांचे म्हणून ख्यात असलेले योगी पत्र लिहावयास बसले आणि मायन्यापाशीच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद धाडला. इतकी वर्षे जगून चांगदेव कोरेच राहिले, हे वर्मावर बोट ठेवले ते मुक्ताईने. माउलींनी उत्तर दिले ते 65 ओव्यांचे, तीच ‘चांगदेव पासष्टी’. त्या 65 ओव्यांत वाघही नाही आणि भिंतही नाही. आहे तो पाहणारा आणि पाहिले जाणारे एकच असल्याचा बोध. आणि पुढे चांगदेवांनी गुरू केले ते कोणाला? त्याच मुक्ताईला. जी गुरू, तिलाच आपण चित्राच्या कोपऱ्यात बसवले.

कोणी म्हणेल, चमत्काराने लोक ओढले जातात. जातात खरे, पण कुठे? चमत्कार हीच संतत्वाची खूण, असे लहानपणापासून डोळ्यांत भरलेले पोर उद्या अंगारे-धुपारे विकणाऱ्या बुवापुढेही हात जोडील. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

दुसरा म्हणेल, बोध रंगवता येत नाही, प्रसंगच रंगवावा लागतो. कबूल. मग त्याच प्रसंगाचा पुढचा क्षण रंगवा. वाघ मागे मोकळा उभा, चाबूक हातातून गळून पडलेला, जटा धुळीला टेकलेल्या. समोर भिंत आता थांबलेली. सगळ्यांची नजर एका लहानग्या मुलीकडे आणि उजेड तिच्याच मुखावर. अहंकार वितळतो तो हा क्षण. त्यात आरडाओरड नाही, निवांतपणा आहे.

आम्ही भिंत पाडा म्हणत नाही. आळंदीत तिचे दर्शन आपण सारेच घेतो. पण चालली ती भिंत आणि वळले ते मन, यांत मोठे काय, हे चित्राने सांगितले पाहिजे. देवळाला नवा रंग देताना विश्वस्तांनी आणि रंगाऱ्याने एवढे करावे: वाघ लहान करावा, मुक्ताई मोठी करावी.

रामकृष्ण हरि.