विश्लेषण : बंदुकीचा परवाना मिळाला, तर बिबट्याचा प्रश्न सुटेल का?

जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या शिरूर तालुक्यात बिबट्याचा हल्ला झाला की ‘बिबट्याला गोळ्या घाला’ आणि ‘शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने द्या’, असा सूर उमटतो. २०२५ मध्ये शिरूरमधील पिंपरखेड परिसरात बळी गेल्यानंतर संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला होता. हा संताप रास्तच. पण परवाना मिळाला तरी शेतकऱ्याला काय करता येईल?

राज्याला वेगळा कायदा करता येतो का?
नाही. शस्त्रे हा विषय राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत आहे. त्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम देशभर लागू आहेत. राज्याकडे अंमलबजावणी असते. ग्रामीण भागात पोलिसांचा अहवाल घेऊन जिल्हाधिकारी परवान्याचा निर्णय घेतात.

पीक राखण्यासाठी परवाना मिळतो?
कायद्यात तशी तरतूद आहे. त्यासाठी ठासणीची बंदूक मिळू शकते. ती अपुरी ठरत असल्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. केवळ मालमत्ता नाही म्हणून अर्ज फेटाळता येत नाही.

सध्याच्या परवानाधारकांसाठी काय बदलले?
२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निवडणुकीच्या काळात अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, ते वेगळेच.

त्या बंदुकीने बिबट्या मारता येतो?
नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवावर उठला, तरी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तीही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नसेल तरच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने झालेली हत्या गुन्हा ठरत नाही. पण ही सवलत संकटाच्या त्या क्षणापुरती आहे. ती शिकारीचा परवाना नव्हे.

मग उपाय काय?
धरणांच्या पाण्यावर या भागात ऊस वाढला आणि उसाच्या फडात बिबट्याला बारमाही आसरा मिळाला. तो दबा धरून झडप घालतो. अंधारात उसाला पाणी देणाऱ्याला खांद्यावरची बंदूक उतरवायलाही सवड मिळणार नाही. नेम चुकला तर शेजारच्या बांधावरचा माणूस जायचा. बिबट्या नुसता जखमी झाला तर तो अधिकच धोकादायक. अंगणात खेळणारे मूल आणि फडाकडेच्या कोपीत झोपलेले ऊसतोड कुटुंब यांना तर कोणाच्याच परवान्याचा आधार नाही.

म्हणून सरकारने परवान्याच्या घोषणांमागे लपू नये. शेतीपंपांना दिवसा वीज, फडालगतच्या वस्त्यांना दिवे आणि कुंपण, तोडणी मजुरांना सुरक्षित निवारा आणि निरोप जाताच पिंजरा घेऊन पोहोचणारे वनपथक, ही कामे राज्याच्या हातातली आहेत. त्यासाठी दिल्लीतला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या रानात बंदूक घेऊन जावे लागणे, हे सरकारचेच अपयश ठरेल.