बोंबलाचा वास आणि आमची खोटी लाज

पावसाळ्याच्या तोंडची एका बुधवारची गोष्ट. शाळा सुटून, दोन रिक्षा बदलून कोसाडच्या घरी पोचायला मला साडेसात वाजले. घरात भाजीची काडी नव्हती. फळीवरचा डबा उघडला, आठ-दहा सुके बोंबील काढले, डोकी-शेपट्या छाटल्या आणि तुकडे तव्यावर टाकले. पाच मिनिटांत समोरच्या बेन दारात उभ्या. ‘‘बेन, शुं बळे छे?’’

मी म्हणाले, ‘‘कंई नथी, दूध ऊभराई गयुं.’’

माझी नऊ वर्षांची मुलगी ओट्यावरच्या बोंबलांच्या डोक्यांकडे पाहत उभी होती. ती काही बोलली नाही. पण दोनच दिवसांनी जिन्यात मैत्रिणीला सफाईने सांगताना मी तिला ऐकले, ‘‘अमे तो वेजिटेरियन छीए.’’ तिला मी रागावणार होते. पण कोणत्या तोंडाने?

वाचकहो, हा लेख बेनविरुद्ध नाही, तुमच्या-माझ्याविरुद्ध आहे. तापीच्या उत्तरेचे हे कोसाड २००६ साली सुरत महानगरपालिकेत आले. उधना–जळगाव गाडीने सुरतेत उतरलेली खानदेशी कुटुंबे आधी लिंबायत-उधन्याकडे राहिली, त्यांतली आमच्यासारखी काही पुढे नदी ओलांडून इकडे आली. येताना गाठोड्यात कळण्याचे पीठ, शेंगदाणे, लाल तिखट आणि सुकट-बोंबील असे. समुद्रापासून दूरच्या खानदेशात मासा पोचला तो वाळूनच. आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलावर कित्येक घरांनी पावसाळे काढले. त्या डब्याची आज आम्हाला लाज वाटते.

गंमत पाहा. माझ्या भाच्याने दुबईहून टुना माशाचा डबा आणला. चकचकीत पत्रा, वर इंग्रजी अक्षरे. घरातल्या सर्वांनी तो हातात घेऊन पाहिला. कांदा, मिरची, लिंबू घालून तो परतला, ‘किती झटपट!’ म्हणून वाखाणला. अहो, तोही टिकवलेलाच मासा! त्यांनी शिजवून पत्र्यात कोंडला, आपल्या कोळ्यांनी जबड्यात जबडा अडकवून दोरीवर जोडीजोडीने टांगला आणि उन्हावारा दिला. ताज्या बोंबलाच्या वजनात बहुतेक पाणीच. ते आटले की हातात उरतात मुख्यतः प्रथिने. मग एक डबा प्रतिष्ठेचा आणि दुसरा लपवण्याचा, हे कोणी ठरवले?

कोणी म्हणेल, गुजरातेत राहायचे तर इथल्या रीतीने राहावे. मान्य. पण इथली रीत म्हणजे काय? देशातला सर्वांत लांब किनारा याच राज्याचा. जाफराबादेत बोंबील वाळतो, त्याला तिथे बूमला म्हणतात. सुरत-नवसारीच्या पारशी घरांत सुक्या बोंबलाचा तारापोरी पातिया पिढ्यान्‌पिढ्या होतो. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक राज्याची दोन राज्ये झाली. मासा मात्र सातपाटीला आणि जाफराबादला एकच राहिला. बोंबील इथे उपरा नाही. त्याला उपरे आपण ठरवले.

वास येतो, हे खरेच. शेजाऱ्यालाही नाक आहे. म्हणून भाजताना जिन्याकडचे दार लावावे, मागची खिडकी उघडावी, त्यांच्या पर्युषणात-उपासात तवा चढवू नये. वाळूत पसरून वाळवलेला माल घेऊ नये. घरी आणल्यावर पुन्हा ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. रक्तदाब असेल त्याने खारवलेला बांगडा जपून खावा. बोंबील बहुधा मिठाविनाच वाळवतात. हा झाला शेजारधर्म. ‘दूध उतू गेले’ हा शेजारधर्म नव्हे.

आणि वेळ नाही, ही सबब तर सांगूच नका. तुकडे कोरडे भाजा, गरम पाण्यात पाच मिनिटे टाकून चोळून धुवा. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, उभा कांदा, घरचा काळा मसाला. त्यात बोंबील, थोडे पाणी, मूठभर शेंगदाण्याचा कूट, चिंचेचे बुटुक. वांगे असेल तर फोडी घाला, नसेल तर अडत नाही. मीठ शेवटी, चाखून. तेवढ्यात दुसऱ्या चुलीवर कळण्याच्या भाकरी होतात. अर्ध्या तासात चार माणसांचे जेवण, आणि बाजाराची फेरी नाही.

आपण मंडळे काढतो, दिवाळी अंक काढतो, मुलांनी मराठी बोलावे म्हणून व्याख्याने देतो. पण सुकट, जवळा, बोंबील, कळणा हे शब्द मूल शिकणार कुठे? पाठ्यपुस्तकात? ते ओट्यापाशी शिकते. आपण ओट्यापाशी त्याला खोटे बोलायला शिकवतो आणि व्यासपीठावर अस्मिता सांगतो.

गेल्या महिन्यात मी पुन्हा तवा चढवला. बेनने विचारले. मुलगी शेजारीच होती. मी म्हणाले, ‘‘सूका बूमला छे, बेन. अमे खाईए छीए.’’ त्यांनी नाकाला पदर लावला, ‘‘एम?’’ म्हणाल्या आणि घरात जाऊन खिडकी लावून घेतली. रात्रभर मला रुखरुख लागली. सकाळी त्यांची सून नेहमीसारखी मेथीची थेपली घेऊन आली. मुलीने ताट घेतले, रिकामे करून धुतले, आणि मला विचारले, ‘‘आई, यात आपण काय घालून पाठवायचं?’’

मी शेंगदाण्याचे लाडू घातले. बोंबील आमच्या डब्यात आहेत. आता तो डबा फळीवर पुढेच असतो.