पाटीवरचे नाव

समजा, तीर्थपुरीच्या बाजारपेठेत दोन सख्ख्या भावांच्या दोन पेढ्या आहेत. कापसाचा, तुरीचा व्यवहार तोच, गिऱ्हाईकही बहुतेक तेच. खर्च दुप्पट होतो म्हणून दोघे एकत्र यायचे ठरवतात. भांडवलाचा हिशोब एका संध्याकाळी जुळतो. उधारीची वाटणी दुसऱ्या दिवशी होते. घोडे अडते ते पाटीवर कोणाचे नाव आधी लागणार आणि गादीवर कोण बसणार, या एकाच प्रश्नावर. ज्या गोष्टीची किंमत कोणत्याही खतावणीत मांडलेली नसते, तीच सर्वांत महाग ठरते. तिचे नाव मान.

क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांत मानाचा क्रमांक दुसरा आहे. क्रोध चेहऱ्यावर दिसतो, लोभ व्यवहारात दिसतो. मान मात्र तत्त्वनिष्ठेचा, घराण्याच्या प्रतिष्ठेचा, प्रसंगी धर्माचाही वेष घेऊन येतो. शास्त्रकारांनी मदाचे आठ प्रकार सांगितले: जाती, कुल, बल, रूप, तप, श्रुत, लाभ आणि ऐश्वर्य. या यादीत लाभ आणि ऐश्वर्य असणे व्यापाऱ्याला समजते. परंतु तप आणि श्रुतही तिथेच आहेत. अठ्ठाईचे पारणे थाटात झाले की नाही, याचा सल उपवासापेक्षा अधिक दिवस टिकत असेल, तर त्या तपाने निर्जरा किती झाली, हे ज्याचे त्यानेच तपासावे.

बाहुबलींची कथा याच ठिकाणी उपयोगी पडते. राज्य सोडले, युद्ध सोडले, वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या. तरीही केवलज्ञान होईना. धाकटे भाऊ आधी दीक्षित झाले होते. त्यांच्याकडे गेल्यास त्यांना वंदन करावे लागेल, एवढी एकच गाठ मनात उरली होती. ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणींनी हत्तीवरून खाली उतरण्याची सूचना केली. जंगलात हत्ती कुठला, या विचारातच त्यांना आपल्या मानाची ओळख पटली. वंदनासाठी पाऊल उचलले आणि तत्क्षणी ज्ञान प्रकटले. राज्य सोडणे त्यांना जमले होते. मोठेपण सोडणे राहून गेले होते.

ही केवळ पुराणातली गोष्ट नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चिचोंडीत 1900 साली जन्मलेले आनंदऋषीजी महाराज तेराव्या वर्षी, 1913 साली दीक्षित झाले. पुढे ते ऋषी संप्रदायाचे आचार्य झाले. स्थानकवासी समाज त्या काळी अनेक संप्रदायांत विभागलेला होता. प्रत्येकाचे आचार्य वेगळे, परंपरा वेगळी. 1952 साली अक्षय तृतीयेच्या सुमारास राजस्थानातल्या सादडी येथे साधुसंमेलन भरले आणि श्रमणसंघाची स्थापना झाली. संघ एक व्हायचा, तर आचार्यही एकच हवा. म्हणजे उरलेल्यांनी पद खाली ठेवायला हवे होते. आनंदऋषीजींनी ते ठेवले. आचार्यपद आत्मारामजी महाराजांकडे गेले आणि कालपर्यंत आचार्य असलेले आनंदऋषीजी नव्या संघाचे प्रधानमंत्री म्हणून काम करू लागले.

पद सोडून एकांतात निघून जाणे तुलनेने सोपे असते. त्या जाण्यालाही लोक नमस्कार करतात. खरी परीक्षा असते ती त्याच संघात, त्याच लोकांसमोर, एक पायरी खाली उभे राहून तेवढ्याच निष्ठेने काम करण्यात. आत्मारामजींच्या निर्वाणानंतर 1964 साली श्रमणसंघाचे आचार्यपद त्यांच्याकडे आले आणि 1992 साली देहत्याग होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले. परंतु 1952 साली या पुढच्या गोष्टीची हमी कोणी दिलेली नव्हती. परताव्याच्या अटीवर केलेला त्याग ही ठेव ठरते, त्याग नव्हे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘मी’पण सोडणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे, असे जैन दर्शन मानत नाही. थेंबाने सागरात हरवून जावे, ही कल्पना त्याची नव्हे. सिद्धावस्थेतही प्रत्येक आत्मा स्वतंत्रच असतो. गळून पडायचे आहे ते आत्म्यावर चढलेले: गादी, पदवी, घराण्याचे नाव, देणगीच्या फलकावरची ओळ. जे आपले नाही, ते आपले म्हणून खात्यात धरणे, हीच मूळ चूक. ती दुरुस्त केली, तर मूळ भांडवलातून काहीच कमी होत नाही.

नमस्कार महामंत्रात एकाही व्यक्तीचे नाव नाही. भगवान महावीरांचेही नाही. तिथे वंदन आहे ते गुणांना. आचार्यपद खाली ठेवणारा मुनी साधू म्हणून त्याच मंत्रात राहतो आणि नमस्कारातून वगळला जात नाही.

सामायिकाची 48 मिनिटे नेमकी यासाठी आहेत. त्या वेळेत कोणी शेठ नसतो, विश्वस्त नसतो, थोरला किंवा धाकटाही नसतो. आसन गुंडाळल्यावर त्यातले थोडे जरी दुकानापर्यंत पोहोचले, तरी पुष्कळ. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडं’चा संदेश शंभर जणांना एका क्षणात पाठवता येतो, ज्याच्याशी बोलणे तुटले, त्या एकाच्या उंबरठ्यावर मात्र पायीच जावे लागते.

तीर्थपुरीतल्या त्या दोन भावांचा प्रश्नही तिथेच सुटेल. ज्याला प्रथम म्हणता येईल की, “दादा, तुमचे नाव आधी लिहा,” किंवा थोरला असून ज्याला म्हणता येईल, “आता गादीवर तू बस,” तो हत्तीवरून उतरला. पाटी रंगवायला मग एक दिवस पुरतो.