पेढे वाटलेत, आता ऐकूनही घ्या

व्यसनमुक्ती पाठपुरावा गटाचे सर्व सभासद, त्यांच्या घरची माणसं आणि सांगलीकर नागरिक यांना जाहीर आवाहन



गेल्या महिन्यात आपण एका सभासदाचा वाढदिवस केला. दारू सोडल्याचा वाढदिवस, पहिला. फळ्यावर रंगीत खडूने नाव लिहिलं, टाळ्या झाल्या, कंदी पेढे आले. पेढे त्यानेच वाटले. माझ्यासमोर खोका धरला तेव्हा त्याचा हात इतका थरथरत होता, की खोक्याचं झाकण टकटक वाजत होतं. "भरून आलंय त्याला," शेजारचा म्हणाला आणि मी मान डोलावली. सतरा वर्षं मी या खोलीत बसतोय. हात कशाने थरथरतो हे मला कुणी शिकवायला नको. तरी मान डोलावली.

बाराव्या दिवशी तो मोटारसायकलवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, दारू घेतात का? वहिनी म्हणाल्या, वर्ष झालं, बंद आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी अभिमानाने सांगितलं, "डॉक्टर, आमच्या गटाचा माणूस आहे. निर्धास्त राहा." तिसऱ्या रात्री तो अंथरुणावरच्या मुंग्या झटकू लागला. मुंग्या नव्हत्या. सलाइनची सुई उपसली, मोडक्या पायानिशी पलंगावरून उतरायला निघाला, बायकोला ओळखेना. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं. फिट येते, माणूस दगावूही शकतो. आधी कळलं तर डॉक्टर औषधं देऊन सांभाळून घेतात. इथे डॉक्टरांना कळणार कुठून? बायकोला माहीत नव्हतं आणि गटाने खोटं प्रमाणपत्र दिलं होतं. ते प्रमाणपत्र मी दिलं.

माणूस वाचला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "पाच महिने झाले चालू होऊन. प्रत्येक मंगळवारच्या बैठकीला सांगायचं ठरवून यायचो. पण त्याचं काय झालं ते बघितलं होतं ना, दादा."

त्याचं म्हणजे कुणाचं, ते गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळीनंतरच्या मंगळवारी हळदीच्या पेठेत दिवाणजी असलेला आपला एक सभासद उभा राहिला आणि म्हणाला, "शनिवारी घसरलो. एक क्वार्टर घेतली." खोलीत शांतता. मग एक ज्येष्ठ म्हणाले, "परत? लाज नाही वाटत?" दुसऱ्याने मनोनिग्रहावर पंधरा मिनिटं प्रवचन झोडलं. तिसरा काहीच बोलला नाही. तो बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बोलला. गुरुवारी पेढीच्या मालकाने दिवाणजीकडून गल्ल्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्यानंतर तो आला नाही. आपण रजिस्टरात त्याच्या नावापुढे काय लिहिलं? 'गैरहजर'. आठवड्यामागून आठवडे, गैरहजर, गैरहजर. त्याच्या घरी एकदाही कुणी गेलं नाही.

म्हणजे आपल्या खोलीत खरं बोलणाऱ्याची रोजीरोटी धोक्यात आली आणि खोटं बोलणाऱ्याला पेढे मिळाले. याचा मला संताप आहे, आणि तो गटातल्या माणसांवर आहे. गुत्तेवाल्याला, सरकारला, सोबत्यांना आपण नेहमी बोल लावतो. हे पाप त्यांचं नाही.

आपला गट काही कालचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आपण जमतो ती शाळा पाण्यात होती, तेव्हा आपण निवारा केंद्राच्या जिन्यावर बसून मंगळवार केला. २०२० च्या टाळेबंदीत फोनवर बसलो. एकही मंगळवार चुकवलेला नाही. जिल्ह्यात असा गट दाखवा, असं मी मोठ्या तोंडाने सांगत आलो. पण नुसतं जमून काय उपयोग? गेले कित्येक महिने आपल्या मंगळवारी काय चालतं? "माझं नाव अमुक, मी व्यसनी, आज इतके दिवस झाले, देवाच्या कृपेने सगळं छान चाललंय." पुढचा. "सगळं छान चाललंय." पुढचा. सतरा माणसं, सतरा वेळा छान. मग चहा. तिसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन दीड तास बसायचं, ते एवढं ऐकायला?

आकडा हवा असेल तर एम्सने देशभर केलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीतला घ्या. दारूसाठी मदतीची गरज असलेली माणसं देशात सुमारे ५ कोटी ७० लाख. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० मागे एकाला. अडतिसात एक! तो एक कसाबसा आपल्या दारापर्यंत येतो, शाळेच्या व्हरांड्यात चपला काढतो, आणि आपण त्याला बोलू देत नाही.

चपलांवरून आठवलं. दोन सभासद चपला काढून पिशवीत घालून वर्गात आणतात. मला वाटायचं चोरीची भीती. नाही. व्हरांड्यातल्या चपला रस्त्यावरून दिसतात आणि गल्लीतली माणसं चपलांवरून माणूस ओळखतात.

ज्यांना वाटतं की घसरल्याचं बोलणं म्हणजे गटाची बदनामी, त्यांनी इतिहास वाचावा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात झाली. बिल विल्सन धंद्याच्या कामात अपयश येऊन हॉटेलात एकटा होता, प्यावंसं वाटत होतं, म्हणून त्याने फोनाफोनी करून बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. दोघं तासन् तास बोलले. आणि मग काय झालं? डॉक्टर थोड्याच दिवसांत एका परिषदेला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परत आल्यावर बिलने त्यांना हाकललं नाही. डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस, १० जून १९३५, हाच त्या चळवळीचा स्थापनादिन धरतात. एका घसरणीनंतर उजाडलेला दिवस! त्याच चळवळीच्या बारा पायऱ्यांतली पाचवी पायरीही आपल्या चुका दुसऱ्या माणसापुढे उघड करायला सांगते. आपल्या भिंतीवर ती तक्त्यात लटकते आहे. वर्षानुवर्षं धूळ झटकतो तिची.

आणि लांब कशाला जायचं. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. स्वतः त्यातून गेलेल्या माणसाने समोर बसून ऐकणं ही मोठी गोष्ट असते. आपल्यातले निम्म्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या केंद्रातून असेच उभे राहून आलेत. मग इथे येऊन न्यायाधीश कधी झालो?

आपल्या मुलखात दारू सोडायची जुनी वाट म्हणजे माळ. माळ घातलेला माणूस घसरतो तेव्हा आधी माळ काढून देवळीत ठेवतो आणि मग गुत्त्यावर जातो. माळेचा मान राखतो बिचारा. गटाचीही आपण माळ केली आहे. माणूस घसरला की गट काढून ठेवतो, कारण घसरलेल्या अंगाने गटात यायचं नाही अशी समजूत आपणच पसरवली. अहो, घसरलेल्या माणसाला ज्या दिवशी गटाची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी तो गटाबाहेर! 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या तळीरामाचं आर्यमदिरामंडळ आठवा. पिणाऱ्यांच्या मंडळात कुणी कुणाला परकं करत नाही, मनातलं बोलायला तिथे मुभा असते. शंभर वर्षांत तळीरामाची बैठक मोकळी राहिली आणि आपली बैठक कोंदट झाली, तर माणूस कुठे जाईल?

आता हरकती. "बोलून काय होतं, मनाचा निर्धार पाहिजे." निर्धार सगळ्यांनीच केला होता, पोराच्या डोक्यावर हात ठेवून केला होता. "नव्या माणसासमोर घसरल्याचं बोललं तर तो बिघडेल." नवा माणूस आठवड्यापूर्वी गटारात पडला होता, त्याला आपण काय बिघडवणार? "घरच्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला?" चव्हाट्यावर त्या आधीच आहेत. शेजारपाजारच्यांनी रात्री दोन वाजता खिडकीतून सगळं ऐकलेलं आहे. ऐकलं नाही ते फक्त आपण. यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची माझी तयारी नाही.

एक हरकत मात्र खरी आहे. बोललेलं बाहेर जातं. डॉक्टरांना मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी लागते. आपल्याला बांधणारं काही नाही, फक्त दिलेला शब्द. टपरीवर बोलणाऱ्याने तो मोडला. तो कोण हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. त्याने दिवाणजींच्या घरी जाऊन पाय धरावेत. मी सोबत येईन.

आणि मी दुसऱ्यांना बोल लावतोय, तर माझंही ऐका. माझ्या नावापुढे रजिस्टरात १७ वर्षं लिहिलेली आहेत. ते खोटं आहे. पाचव्या वर्षी भाचीच्या हळदीच्या रात्री मंडपामागे मी प्यायलो, दुसऱ्या दिवशीही प्यायलो. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी आलो, पुढच्या बाकावर बसलो आणि म्हणालो, छान चाललंय. बायकोला माहीत आहे, तिने कधी बाहेर काढलं नाही. खरा आकडा १२. पेढ्याच्या खोक्याचं झाकण वाजत होतं तेव्हा मी मान का डोलावली, याचं उत्तर यात आहे. त्याला विचारलं असतं, तर मलाही सांगावं लागलं असतं.

तेव्हा या मंगळवारपासून काय करायचं ते ऐका. यावर मतदान नाही, चर्चा नंतर करू. दारापाशी टोपली असेल, सगळ्यांचे मोबाइल बंद करून तिच्यात. "किती दिवस झाले" हा प्रश्न कुणी कुणाला विचारायचा नाही. "आज कसं आहे" एवढंच विचारायचं. जो घसरला त्याला पहिली पाळी. तो बोलत असताना उपदेश नाही, चुकचुक नाही, मान हलवून सुस्कारे नाहीत. बोलून झालं की एकाने म्हणायचं, "बरं झालं आलास," आणि घरापर्यंत दोघांनी सोबत जायचं. पेढे पहिल्या वर्षाचे वाटू तसे घसरून परत आलेल्याचेही वाटू. दोन मंगळवार जो दिसला नाही त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी दोघं जातील, आणि 'गैरहजर' हा शब्द रजिस्टरात पुन्हा लिहायचा नाही. दवाखान्यात कुणाच्याही वतीने "बंद आहे" असं गटातला कुणी सांगणार नाही. ज्याचं त्याने डॉक्टरांना खरं सांगायचं, किती, कधीपासून, शेवटची कधी. आणि रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी तोडू नये, डॉक्टरांना विचारून तोडावी. हे तर मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा.

घरच्या बायकांची बैठक शनिवारी दुपारी वेगळी, तिथे पुरुषांनी फिरकायचं नाही. ज्या बायका स्वतः पितात त्यांच्यासाठी काय करायचं हे आपण सतरा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. त्या आहेत. एम्सच्या त्याच पाहणीने देशातल्या दारू घेणाऱ्या बायकांचं प्रमाण १.६ टक्के सांगितलंय. सांगलीत एकही नाही असं ज्याला वाटतं त्याने आपल्याच नात्यात बघावं. दोघीजणी पुढे आल्या तर वेगळी खोली मी मिळवून देतो.

नागरिकांना हात जोडून विनंती. मालकांनो, तुमचा माणूस मंगळवारी संध्याकाळी तासभर लवकर मागत असेल तर द्या, आणि तो तिथे काय बोलला याची चौकशी करू नका. जो माणूस गटात उभा राहून घसरलो म्हणतो, त्याच्या हातात किल्ल्या जास्त सुरक्षित आहेत. पेठेतल्या ज्या मालकांनी त्या काढून घेतल्या, त्यांच्याकडे मी स्वतः येणार आहे. गल्लीतल्यांनो, व्हरांड्यातल्या चपला मोजू नका. दूरच्या गावी असाल, जवळपास गट नसेल, तर सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, फोन करा.

मंगळवार, संध्याकाळी साडेसहा, नेहमीची शाळा, तळमजल्यावरचा तिसरीचा वर्ग. पहिली पाळी माझी. मांडीत सळी घातलेला आपला मित्रही येणार आहे, त्याच्यासाठी वरच्या वर्गातून एक मोठी खुर्ची कुणीतरी खाली आणून ठेवा. चपला आता सगळ्यांनीच आत आणायच्या. दाराच्या आतल्या बाजूला गोणपाट अंथरलेलं असेल.

गटाचा एक सभासद
(नाव लिहीत नाही, ही आपली शिस्त)