वर्गाचे तापमान मोजू या

वरच्या मजल्यावरचे वर्ग उन्हाळ्यात फार तापतात, ही तक्रार दरवर्षी येते. खाली कार्यालयात बसून तिची कल्पना येत नाही. म्हणून आमच्या विज्ञान शिक्षकांनी मांडलेल्या बिनतारी तापमापक योजनेला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

योजना साधी आहे. प्रत्येक वर्गात डीएस१८बी२० संवेदक व ईएसपी८२६६ ही वाय-फाय चिप राहील. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत हा संवेदक अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. आपल्याला तेवढे पुरे. सर्व नोंदी प्रयोगशाळेतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जमा होतील. संवेदक उन्हात किंवा तापलेल्या भिंतीला चिकटवून नव्हे, तर बाकावर बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर लावावेत.

तयार संच मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे काही पालक विचारतात. अशा पुष्कळ संचांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. कंपनीने सेवा बंद केली की संच अडगळीत. शिवाय ४.७ किलोओहमचा रोध राहून गेला म्हणून आकडा येत नाही, हे स्वतः शोधण्यातले शिक्षण विकत मिळत नाही.

मात्र नुसते मोजून वर्ग थंड होत नाही. किती अंशांवर वर्ग खाली हलवायचा, हे विश्वस्तांनी आधीच ठरवावे. नाहीतर नोंदी साठत जातील आणि मुले घामाघूमच राहतील.