काडतुसांची खतावणी

खंडेनवमीला विळी-कोयत्यापासून मोटारीपर्यंत साऱ्यांना झेंडूचे फूल मिळते. शिराळा तालुक्यातल्या आमच्या मामांकडे ते बाराबोअरच्या दुनळी बंदुकीलाही मिळे. यंदा मिळाले नाही. श्रावणात मामा गेले, आणि बंदुकीचे कुलपाचे कपाट रिकामे झाले.

बंदूक शेतराखणीची. चांदोलीचे रान जवळ. डुकरांचा कळप रात्री भुईमुगात शिरला की मामा हवेत एक बार काढीत आणि घरी येऊन चहा मागत. त्यांनी नेम धरून काही मारल्याचे आम्हांला ठाऊक नाही. हिशेब मात्र चोख! काडतुसे एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाकाठी किती घ्यायची, हे दोन्ही आकडे परवान्यावर असतात. विकली की दुकानदार तिथे नोंद करतो. पण उडाली किती, हे धन्यानेच लिहायचे. ‘लक्षात आहे’ म्हणून कितीकजण ते सोडून देत असतील! मामांची त्यासाठी लाल चोपडी होती.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली आणि आमच्या तळमजल्यातल्या वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून आमच्या चिरंजीवांनी साऱ्या नात्यागोत्याचे कागद संगणकावर चढवण्याचा सपाटा लावला. मामांची चोपडीही त्यातून सुटली नाही. तारीख, छऱ्यांचा नंबर, जमा, खर्च, शेरा, शिल्लक असा तक्ता त्याने एक्सेलमध्ये आखला. वजाबाकी यंत्र करी. फाईल परवलीच्या शब्दाने बंद, कारण घरात काय आहे ते चार जणांना कशाला कळावे? दर दिवाळीला छापील प्रत परवान्यासोबत. मामा आधी हसले. मग बार काढला की सकाळी पुण्याला फोन: “लिही रे, एक उडाले. डुकरे उसात गेली.”

१९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की परवानाधारक गेला, तर वारसांनी बंदूक आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करावीत. म्हणून सुतकातच आम्ही डबा उघडला. तक्ता म्हणे ११. डब्यात निघाली ९.

पुन्हा मोजली. नऊच. मामींचा चेहरा उतरला. “अरे, यांनी खोटं लिहिलं असेल का रे?” पोलिसांपेक्षा त्यांना हीच काळजी.

कबूल करतो, मी म्हटले, “दोन खर्ची टाकू, मिटले.” चिरंजीव उसळले. “आजोबांनी सांगितले नाही ते मी लिहिणार नाही.” आणि तक्ता खालून वर वाचू लागले. जूनमधल्या एका ओळीत खर्च शून्य होता. शेऱ्यात ‘फुसकी २, वेगळी ठेवली’. फोनवर ऐकले तसे त्याने टिपले होते आणि विसरला होता.

फुसके काडतूस म्हणजे घोडा पडूनही न उडालेले. पण उडाले नाही म्हणजे ते काडतूसच. शिलकेत धरायचे आणि जपायचेही. ‘वेगळी’ म्हणजे कुठे? मामी उठल्या, कोठीतला पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात एका लोकरी मोज्यात गुंडाळलेली दोन काडतुसे होती, बुडावर घोड्याची खूण असलेली. मामी पदराने डोळे पुसू लागल्या. आम्ही उगाच बाहेर अंगणात गेलो.

अकरा काडतुसे जमा झाली, अकरांचीच पावती मिळाली. पावतीचा क्रमांक शेऱ्यात आणि शिल्लक शून्य. ‘फुसकी’ असे नवे घर आखावे, ही चिरंजीवांची हौस मात्र राहून गेली.

वर्ष सरेतो मामींकडे सण नाही. पण लक्ष्मीपूजनाला आमच्या वह्यांशेजारी ठेवा म्हणून त्यांनी लाल चोपडी सांगलीला पाठवली आहे. लॅपटॉपही ठेवू, असे चिरंजीव म्हणतात. ठेव, पण हळदकुंकू चोपडीलाच, असे आमच्या घरातून आत्ताच बजावण्यात आले आहे.