‘निसर्गनियम’ कुणी लिहिला?

‘बाईची जात सोशिकच, निसर्गानंच तशी घडवलीय,’ हे वाक्य सल्ला केंद्रात आम्ही नेहमी ऐकतो. शिकलेले नवरे त्याला विज्ञानाचा आधारही देतात.

पण विज्ञानाचे ग्रंथही माणसांनीच लिहिलेत. डार्विननं १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये पुरुषाला बुद्धीनं वरचढ ठरवलं. इंग्लंडात बायांना विद्यापीठाची पदवीच मिळत नव्हती, तेव्हाची ही तुलना! १८७५ मध्ये अमेरिकेतल्या अँटोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी पुस्तक लिहूनच त्याला उत्तर दिलं. पुढे १९७० च्या दशकात सारा हर्डी यांनी राजस्थानात अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला. तिथल्या माद्या मुकाट सोसणाऱ्या नव्हत्या. परक्या नरापासून पिल्लं वाचवायला त्या एकमेकींच्या मदतीला धावत. नीट पाहिल्यावर ‘सोशिक मादी’ची कल्पना डळमळली. उत्क्रांती खोटी ठरली नाही, पूर्वग्रह खोटा ठरला.

म्हणून विज्ञानाकडे पाठ फिरवायला नको. आपल्या गटांत ही पुस्तकं वाचू या. कुणी पाहिलं, काय पाहिलं, काय गृहीत धरलं, हे विचारू या. आणि वानरांच्या माद्या कशाही वागोत, मार खाणं हा कुठल्याच बाईचा निसर्गधर्म नाही, हे ठणकावून सांगू या.